काल रात्रीचा भाग इंग्रजीत सांगा: मालिकांच्या गप्पांतून इंग्रजी बोलायला शिकताना

मिरजेची_सुमा | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आमच्या रविवारच्या गटात काय चाललंय ते सांगते. तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर त्यांचंही ऐकायचंय.

आम्ही अकरा जण आहोत, नऊ बायका आणि दोन पुरुष. सगळ्यात धाकटी चौतीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या काकू एकाहत्तरच्या. दर रविवारी चार वाजता आमच्या माडीवर जमतो. सगळ्यांची शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. औषधाच्या पाकिटावरचं वाचता येतं, बँकेचा फॉर्म भरता येतो, पण बोलायची वेळ आली की तोंड मिटतं. काकूंची नात ऑस्ट्रेलियात वाढतेय. व्हिडिओ कॉलवर आजी-नात एकमेकींकडे बघून हसतात आणि दोन मिनिटांत फोन परत आईच्या हातात जातो. ते काकूंच्या मनाला लागलं होतं. गट सुरू झाला तो त्यामुळे.

पहिले तीन महिने आम्ही जे सगळे करतात तेच केलं. पुस्तकातले संवाद पाठ केले, इंग्रजी बातम्या लावल्या, मग एक परदेशी विनोदी मालिका. बघताना बरंच कळायचं. पण टीव्ही बंद करून 'व्हॉट डू यू थिंक?' विचारलं की सगळे गप्प. परक्या शहरातल्या परक्या माणसांचं भांडण, त्यात आमचं मत काय असणार?

आणि त्याच गप्प माणसांची चहा आला की मराठीत रणधुमाळी! आदल्या रात्रीच्या मालिकेत सुनेनं घर सोडलं ते बरोबर की चूक. एका रविवारी मी म्हटलं, हेच इंग्रजीत बोलूया. क्षणभर शांतता. मग काकू म्हणाल्या, "शी शुड नॉट गो. दॅट हाउस इज हर हाउस ऑल्सो." समोरून उत्तर आलं, "बट नोबडी रिस्पेक्ट हर!" पाऊण तास कुणी थांबलं नाही. त्याला आता दीड वर्ष झालं.

मला यातून एकच गोष्ट पटली आहे. नुसतं इंग्रजी कार्यक्रम बघून बोलणं येत नाही. जे आपल्याला तोंडपाठ आहे आणि ज्यावर आपण तावातावानं भांडू शकतो, ते इंग्रजीत सांगायला लागलं की येतं. मालिकेची गोष्ट ठाऊक असते, माणसं ठाऊक असतात, मतही तयार असतं. शोधायचे असतात ते फक्त शब्द.

आणि मालिका काय काय शिकवते बघा. गोष्ट सांगताना सगळं 'ती' आणि 'तो'. म्हणजे 'शी गोज, शी हाइड्स, ही नोज'. हा शेवटचा 'स' आम्ही शाळेत शंभरदा गिरवला आणि बोलताना शंभरदा गाळला. आता दर रविवारी प्रत्येकाच्या तोंडून तो वीस-पंचवीस वेळा जातो. मग अंदाज बांधायचे: 'तिनंच पत्र लपवलं असणार' म्हणजे 'शी मस्ट हॅव हिडन द लेटर'. 'ती परत येईल बहुतेक' म्हणजे 'शी विल प्रॉबॅब्ली कम बॅक'. हे 'मस्ट हॅव' मला व्याकरणाच्या पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. पत्र कुणी लपवलं हे सांगायची निकड होती म्हणून कळलं.

सगळ्यात अडलो ते नात्यांपाशी. जाऊ, नणंद, भावजय, मेहुणी, सगळ्या 'सिस्टर-इन-लॉ'! जाऊ नणंदेविरुद्ध कारस्थान करते हे इंग्रजीत कसं सांगणार? मग 'हिज एल्डर ब्रदर्स वाइफ', 'हर हजबंड्स सिस्टर' असं उलगडून सांगायची सवय लागली. एका शब्दाला अडलं तर चार शब्दांत सांगायचं, हे त्यातूनच आलं. 'टोमणा' ला 'टॉन्ट' सापडला, पण 'मानपान' ला अजून काही सापडलेलं नाही. आम्ही सांगतो, 'दे वॉन्टेड रिस्पेक्ट अँड गिफ्ट्स ॲट द वेडिंग, अँड दे डिड नॉट गेट इट.'

आता प्रश्न. इथून इंग्रजी कार्यक्रमांकडे कसं वळायचं? आणि सबटायटल्स ठेवायची की नाही, ठेवायची तर कुठल्या भाषेत?

---

चाळीतला_अँटेना | सोमवार, रात्री १०:०२

सुमाताई, छान लिहिलंत. मी जुन्या जमान्यातला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होतो. आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रोज रात्री इंग्रजी बातम्या घरात यायला लागल्या. वडील गिरणीत होते, इंग्रजी चार ओळींपुरतं. पण ते मला ठळक बातम्या संपल्या की विचारायचे, "काय म्हणाली ती? सांग." मी मराठीत सांगायचो. मग म्हणायचे, "आता तिच्यासारखं सांग."

तेव्हा राग यायचा. आज कळतं की ऐकलेलं परत सांगणं हाच सगळा अभ्यास होता. त्या निवेदकांचं इंग्रजी संथ, स्वच्छ, प्रत्येक शब्द सुटा. आजच्या वाहिन्यांवर चार माणसं एकदम ओरडतात, त्यातून नवशिक्याला काही मिळत नाही. तुमच्या गटाला माझं सुचवणं: वादविवादाच्या बातम्या टाळा, निसर्गावरचे माहितीपट लावा. डेव्हिड ॲटनबरो यांचं निवेदन ऐका. ते दोन वाक्यांच्या मध्ये थांबतात, आणि जे बोलतात ते पडद्यावर दिसत असतं. बिबट्या दबा धरून बसलाय हे डोळ्यांना दिसत असताना 'स्टॉकिंग' शब्दाला शब्दकोश लागत नाही.

---

झेडपी_बाई | सोमवार, रात्री १०:४७

मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण बोलण्याचं कोडं तेच आहे. मी सोमवारी सकाळी एकच प्रश्न विचारते, 'व्हॉट डिड यू वॉच यस्टरडे?' पूर्वी 'माय डेली रुटीन' वर बोला म्हटलं की सगळ्या वर्गाचं एकच उत्तर यायचं, 'आय गेट अप ॲट सिक्स.' टीव्हीवर विचारलं की प्रत्येकाचं वेगळं येतं.

मराठीमुळे होणाऱ्या काही चुका सांगते, तुमच्या गटातही असतील:

आपल्याला 'बघणे' एकच पुरतं. इंग्रजीत तीन घरं आहेत. टीव्ही 'वॉच' करायचा, फळ्याकडे 'लुक ॲट', आणि वाटेत साप दिसला तर 'सॉ'. मुलं 'आय सॉ टीव्ही' म्हणतात. मी समजावते की लक्ष देऊन बसून बघता ना, मग 'वॉच'.

आपण टीव्ही लावतो, बंद करतो, आवाज बारीक करतो. इंग्रजीत सगळं 'टर्न' वर: 'टर्न ऑन, टर्न ऑफ, टर्न डाउन'. मुलं 'ओपन द टीव्ही' म्हणतात. मालिका 'लागते' ना, तर ती 'इट्स ऑन ॲट एट'. आणि भागाला 'पार्ट' नाही, 'एपिसोड'. गंमत म्हणजे तो शब्द मुलांना आधीच येत असतो, पण इंग्रजी बोलायला लागलं की ती भाषांतर करतात आणि चुकतात. घरात रोज वापरतो तो शब्द इंग्रजीच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आणि माझा सगळ्यात आवडता धडा. 'आम्ही लहानपणी रविवारी सकाळी शेजारी जाऊन टीव्ही बघायचो.' हे 'बघायचो' आपल्याकडे किती सहज आहे! त्याला इंग्रजीत 'वी यूज्ड टू वॉच'. व्याकरणाच्या तासाला मुलं 'यूज्ड टू' ला बिचकतात. पण आईला विचारून या, ती लहानपणी काय बघायची, असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी तीस वाक्यं तयार असतात. 'माय मदर यूज्ड टू वॉच टीव्ही ॲट सरपंचेस हाउस.' एका मुलानं लिहून आणलं होतं, 'माय ग्रँडमदर यूज्ड टू टेक ऑफ हर चप्पल अँड सिट इन फ्रंट ऑफ रामायण.' मी ती वही जपून ठेवली आहे.

---

मिरजेची_सुमा | सोमवार, रात्री ११:०५

झेडपी_बाई, 'बघायचो' आणि 'यूज्ड टू' ची जोडी माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. पुढच्या रविवारी तेच घेते. आमच्याकडे अजून एक चूक सारखी होते. 'मला तिची कीव येते', 'मला त्याचा राग येतो', 'मला वाटतं'. आपल्याकडे राग येतो, कीव येते, आपण नुसते 'मला' म्हणून बसलेलो असतो. त्यामुळे इंग्रजीत वाक्य सुरूच करता येत नाही. 'टू मी अँगर...' करून लोक अडकायचे. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आय फील सॉरी फॉर हर. ही मेक्स मी अँग्री.' आता हे इतकं रुळलंय की परवा एक ताई भाजीवाल्याचा दर ऐकून 'ही मेक्स मी अँग्री' म्हणाल्या.

---

स्पष्ट_बोलतो | मंगळवार, सकाळी ७:३०

उत्साहाबद्दल आदर आहे, पण एक शंका मांडतो. अकरा जण चुकीचं इंग्रजी एकमेकांशी बोलत राहिले तर चुका पक्क्या होणार नाहीत का? 'नोबडी रिस्पेक्ट हर' दीड वर्ष म्हटलं की तेच कानाला बरोबर वाटायला लागतं. माझ्या ऑफिसात अशी माणसं आहेत. वीस वर्षं फाडफाड बोलतात आणि वीस वर्षं 'डिड यू वेंट' म्हणतात. आणि मराठी मालिकांवर बोलून त्यांच्या कानावर खरं इंग्रजी कधी पडणार?

---

मिरजेची_सुमा | मंगळवार, दुपारी २:१५

शंका रास्त आहे, पहिल्या दोन-तीन महिन्यांत मलाही हीच भीती होती. बोलताना मध्येच दुरुस्त केलं की माणूस परत तोंड उघडत नाही, हे आम्ही पाहिलं. म्हणून एक वही ठेवली आहे. दर आठवड्याला एकजण बोलत नाही, फक्त ऐकतो आणि वहीत टिपतो. शेवटच्या वीस मिनिटांत वही उघडते. प्रत्येकाच्या तीनच चुका घ्यायच्या, जास्त नाही. बरोबर वाक्य सगळ्यांनी म्हणायचं आणि पुढच्या आठवड्यात त्याच तीन चुकांकडे लक्ष. इंग्रजीच्या एक निवृत्त शिक्षिका महिन्यातून एकदा येतात, त्या वही तपासतात. आम्हाला चूक आहे हे कळलंच नाही अशी वाक्यं त्या शोधून काढतात. 'डिस्कस अबाउट' ही त्यातली. 'अबाउट' नको, नुसतं 'डिस्कस', हे आम्हाला चौदाव्या महिन्यात कळलं!

कानावर खरं इंग्रजी पडायला हवं हे तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. म्हणूनच तर प्रश्न विचारलाय.

---

आइंडहोव्हनहून | मंगळवार, रात्री ११:५०

सबटायटल्सबद्दल थोडं सांगू शकेन. मी नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये आहे. इथे मोठ्यांचे परदेशी कार्यक्रम डच भाषेत डब करत नाहीत. मूळ आवाज ठेवतात आणि खाली डच अक्षरं. डबिंग मुख्यतः लहान मुलांच्या कार्यक्रमांना. इथल्या लोकांच्या चांगल्या इंग्रजीचं एक कारण म्हणून हेच सांगितलं जातं. शाळाही चांगल्या आहेत आणि डच भाषा इंग्रजीच्या जवळची आहे, ते वेगळं.

पण तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारा एक प्रयोग इथल्याच नायमेखेन शहरातल्या माक्स प्लांक संस्थेत झाला. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या दोघांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. डच लोकांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश उच्चारांतले इंग्रजी व्हिडिओ दाखवले. काहींना इंग्रजी सबटायटल्स, काहींना डच, काहींना काहीच नाही. नंतर त्याच उच्चारातली वाक्यं ऐकवून ती परत म्हणायला लावली. इंग्रजी अक्षरांसह बघणाऱ्यांचा कान तयार झाला. डच अक्षरांनी गोष्ट समजली, पण नवीन वाक्यं ओळखताना त्यांचा उलट अडथळाच झाला. म्हणजे ऐकायचं इंग्रजी असेल तर वाचायचंही इंग्रजीच. मराठी किंवा हिंदी अक्षरं खाली असली की आपण वाचत बसतो आणि कान सुट्टीवर जातो. मला हे स्वतःच्या अनुभवानं पटलंय.

शब्दांचं म्हणाल तर वेब आणि रॉजर्स या दोन अभ्यासकांनी २००९ मध्येच ८८ टीव्ही कार्यक्रमांतले शब्द मोजले. विशेषनामं ओळखीची धरली आणि सर्वात जास्त वापरातली ३००० शब्दकुटुंबं येत असतील तर सुमारे ९५ टक्के शब्द ओळखीचे निघतात. शब्दकुटुंब म्हणजे 'वॉच, वॉचेस, वॉचिंग, वॉच्ड' मिळून एक. ३००० ऐकायला मोठं वाटतं, पण पाचवी ते बारावी इंग्रजी शिकलेल्यांनी त्यातले बरेच कुठे ना कुठे वाचलेले असतात. कानाला ओळख नसते, एवढंच.

आणि बोलण्याबद्दल एक. पहिली दोन वर्षं ऑफिसात जेवणाच्या टेबलावर मी गप्प असायचो. कामाचं इंग्रजी येत होतं. सोमवारी लोक 'डिड यू वॉच एनीथिंग गुड?' विचारायचे आणि मला वाटायचं, त्यांचे कार्यक्रम मला माहीत नाहीत, मी काय बोलणार. एकदा धीर करून सांगितलं की आई फोनवर रोज एका मराठी मालिकेची गोष्ट सांगते, आठशे भाग झालेत, आणि नायिकेचं तिसऱ्यांदा लग्न ठरलंय. टेबलावरचे सहाही जण ऐकत बसले. पुढच्या सोमवारी त्यांनीच विचारलं, 'सो, डिड शी मॅरी हिम?' त्या दिवसापासून मी त्या टेबलावरचा झालो. म्हणून सुमाताई, तुमचं म्हणणं मला अगदी आतून पटलं.

---

चाळीतला_अँटेना | बुधवार, सकाळी ६:५५

ऐकायचं तेच वाचायचं यावरून आठवलं. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये हीच कल्पना आपल्या लोकांच्या वाचनासाठी मांडली होती. चित्रपटगीत ज्या भाषेतलं, त्याच भाषेत त्याचे शब्द खाली द्यायचे, म्हणजे अर्धवट शिकलेल्यांची वाचनाची सवय टिकते. स्वतः परदेशात शिकत असताना स्पॅनिश चित्रपट बघताना त्यांना ते सुचलं. पुढे दूरदर्शनवर गाण्यांच्या कार्यक्रमांत तसे शब्द दिसायला लागले. माझी बहीण गाण्याबरोबर ओळ वाचायची, बोट पडद्यावर ठेवून.

---

कोल्हापूरची_सिस्टर | बुधवार, रात्री ८:२०

मी नर्स आहे, परदेशी जायला लागते त्या आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. मधल्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला आणि मग दोन मिनिटांपर्यंत एकटीनं बोलायचं. 'आवडता टीव्ही कार्यक्रम' हा विषय सरावाला हमखास असतो. क्लासमध्ये आम्हाला एका विज्ञानविषयक कार्यक्रमावरचं उत्तर पाठ करायला दिलं होतं, मी तो कधी बघितलेला नाही. सराव परीक्षेत सरांनी मध्येच विचारलं, 'हू डू यू वॉच इट विथ?' आणि माझं सगळं पाठांतर गेलं. खूप रडले त्या रात्री.

हा धागा वाचून काल आईबरोबर बघते त्या मालिकेवर फोनमध्ये दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. पहिल्यांदा मिनिटभरात संपलं. चौथ्यांदा दोन मिनिटं पुरेनात. आम्ही ताटं घेऊन टीव्हीसमोर बसतो, बाबा 'बातम्या लावा' म्हणत राहतात आणि जाहिरात लागली की आई पोळी टाकायला उठते, हे सगळं सांगितलं. एक विचारायचं होतं, परीक्षकाला मराठी मालिकेबद्दल सांगितलेलं चालतं ना?

---

आइंडहोव्हनहून | बुधवार, रात्री ११:३०

चालतं. गुण ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांना असतात. कार्यक्रम कुठला याला नाही. आई पोळी टाकायला उठते ते नक्की सांगा. फक्त गोष्टीची पात्रं दोनच ठेवा, नाहीतर नाती समजावण्यात वेळ जाईल.

---

झेडपी_बाई | गुरुवार, सकाळी ६:४०

सिस्टर, उच्चारात 'व' कडे लक्ष द्या. आपण 'व्हेरी' आणि 'वेल' दोन्ही सारखेच काढतो. 'व्हेरी' ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, 'वेल' ला ओठांचा चंबू. आरशासमोर 'आय वॉच व्हेरी फ्यू सिरियल्स' दहा वेळा म्हणा. आणि रडू नका, तुम्हाला नक्की जमणार आहे.

---

स्पष्ट_बोलतो | गुरुवार, रात्री ९:१५

वहीची पद्धत आवडली, माझा आक्षेप बराचसा मावळला. माझी बायको आणि मी आजपासून करून बघतोय. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, 'व्हाय डू यू ऑलवेज टेक द रिमोट?' उत्तर देताना इंग्रजीच काय, मराठीही सुचेना.

---

मिरजेची_सुमा | रविवार, रात्री ८:३०

आजचं सांगते. 'यूज्ड टू' घेतलं. काकू सगळ्यात जास्त बोलल्या. त्यांच्या माहेरी टीव्ही नव्हता, लग्नानंतर शेजारी बघायला जायच्या. सासूबाईंना आवडायचं नाही म्हणून दाराशी उभ्या राहून बघायच्या. 'आय यूज्ड टू स्टँड नियर द डोअर. आय नेव्हर सॅट.' कुणीतरी विचारलं, 'व्हाय डिड यू नॉट सिट?' त्या थांबल्या आणि म्हणाल्या, 'इफ आय सिट, आय हॅव टू आस्क.' वहीवाल्यानं पेन खाली ठेवलं. ते वाक्य आम्ही दुरुस्त केलं नाही.

संध्याकाळी त्यांनी हेच नातीला फोनवर सांगितलं. पोरीनं विचारलं, 'बट हू वॉज इन्साइड, आजी?' आणि मग अकरा मिनिटं फोन आईकडे गेला नाही. काकूंनी घड्याळ बघून मला कळवलं.

आइंडहोव्हनहून, एक विनंती आहे. एखाद्या रविवारी व्हिडिओवर याल का? आपल्या माणसाशी पण इंग्रजीतच बोलायचं, असा सराव हवाय. आमचे चार वाजतात.

---

आइंडहोव्हनहून | रविवार, रात्री १०:१०

नक्की येतो. हिवाळ्यात तुमचे चार म्हणजे आमचे सकाळचे साडेअकरा. इंग्रजी सबटायटल्स लावून वीस मिनिटांचा एक माहितीपट आधी सगळ्यांनी बघून ठेवा, मीही बघतो. पहिला प्रश्न मात्र काकूंनी विचारायचा.